उतारा पालथा ठेवा, मग सारांश लिहा

सातवीच्या वर्गाला 'उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा' असं सांगितलं की बहुतेक वह्यांत एकच प्रकार दिसतो. पहिलं वाक्य जसंच्या तसं, मधली दोन-तीन गाळलेली, आणि शब्द पुरे झाले की पूर्णविराम. शेवटचा परिच्छेद बऱ्याचदा आलेलाच नसतो.

हा आळस नव्हे. अमेरिकेत अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे या संशोधकांनी पाचवीपासून कॉलेजपर्यंतच्या विद्यार्थ्यांचे सारांश तपासले; तो अभ्यास 1983 साली प्रसिद्ध झाला. बिनमहत्त्वाचं आणि पुन्हा आलेलं गाळणं पाचवीच्या मुलांनाही जमत होतं. 'आंबा, पेरू, चिकू' याऐवजी 'फळं' लिहिणं त्याहून अवघड, मुख्य वाक्य हुडकणं आणखी अवघड. उताऱ्यात नसलेलं मुख्य वाक्य स्वतः रचणं सगळ्यात शेवटी जमतं. मुलं 'गाळा आणि उतरवा' या पायरीवर अडकतात, आणि एक तृतीयांशाची अट त्यांना तिथेच बसवून ठेवते. शब्द मोजून गाळले की ती अट पुरी होते!

गटाचा उपयोग इथे होतो. चौघांना मिळून एकच वाक्य ठरवायचं असेल तर 'हेच का घेतलंस?' असं कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यावं लागतं.

समजा, लोणार सरोवरावरचा सुमारे 200 शब्दांचा, चार परिच्छेदांचा उतारा घेतला. पहिली पाच मिनिटं मूक वाचन, हातात पेन्सिल नको. असली की सगळंच अधोरेखित होतं. मग उतारा पालथा. प्रत्येकाने स्वतंत्र चिठ्ठीवर प्रत्येक परिच्छेदासाठी एक वाक्य लिहायचं, तेही दोन प्रश्न धरून: हे कशाबद्दल आहे, आणि त्याबद्दल काय सांगितलंय? दुसरा प्रश्न राहून गेला की 'यात लोणारची माहिती दिली आहे' अशी वाक्यं येतात. तो विषय झाला, सारांश नव्हे.

मग चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवून, दहा मिनिटांत, परिच्छेदामागे जास्तीत जास्त 12 शब्दांचं एक वाक्य ठरवायचं. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तो परिच्छेद घ्या. पाण्याची पातळी घटली होती, क्षार वाढले होते, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाण्यात मिठात जगणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव सापडले. गाळून लिहिणारा लिहितो, 'जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि पातळी घटली.' घटना आल्या, कारण गेलं. भांडून ठरलेलं वाक्य असं असू शकतं: 'पाणी आटून खारटपणा वाढल्याने गुलाबी सूक्ष्मजीव फोफावले.' उताऱ्यात हे वाक्य कुठेच नाही, तरी सगळा परिच्छेद त्यात आहे.

शेवटच्या आठ मिनिटांत चार वाक्यं 'म्हणून', 'त्यामुळे', 'मात्र' यांनी जोडायची आणि तेव्हाच उतारा पुन्हा उघडायचा. काही चुकलंय का, आणि उताऱ्यात नसलेली माहिती किंवा आपलं मत घुसलंय का, एवढंच तपासायचं.

वेळ वाचवायला एकेकाला एकेक परिच्छेद वाटून देणं ही सर्रास होणारी चूक. चार तुकडे मिळतात, त्यांतला संबंध कुणीच वाचलेला नसतो. दुसरी अडचण जुनी आहे: दोर ओढणारी माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर घटतो, हे रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वीच नोंदवलं होतं. सहा जणांच्या गटात सुवाच्य अक्षराची एक मुलगी लिहिते, बाकीचे खिडकीबाहेर. म्हणून गट चौघांचाच, चिठ्ठी प्रत्येकाची, आणि वाचून कोण दाखवणार ते ऐनवेळी सोडत काढून.

पहिल्या तासिकेला हे जमणार नाही. पॅलिंकसर या संशोधिका आणि वर आलेल्या अ‍ॅन ब्राउन यांच्या 1984 मधल्या प्रयोगात सातवीच्या मुलांनी पाळीपाळीने 'शिक्षक' होऊन सारांश सांगणं, प्रश्न विचारणं, अडलेलं सोडवणं आणि पुढचं भाकीत करणं ही कामं केली. त्याला सुमारे 20 दिवस लागले, आणि सुरुवातीला शिक्षकच सगळं मोठ्याने करून दाखवत होते. आपल्याकडेही पहिले दोन-तीन उतारे फळ्यावर, खोडत आणि पुन्हा लिहीत, शिक्षकांनीच सोडवावेत.

तपासताना शब्द मोजू नका. तयार सारांश, तो उतारा न वाचलेल्या गटाला द्या आणि मूळ उताऱ्यावरचे तीन प्रश्न विचारा, त्यांतला एक 'का' ने सुरू होणारा. तिथे उत्तर अडलं, तर सारांशात कोणतं वाक्य राहिलं हे लिहिणाऱ्या गटाला आपोआप कळतं.