ठाणे-नवी मुंबईत छोटा गो-कार्ट ट्रॅक टाकायचाय? लोनची पात्रता, कागदपत्रं आणि कुठला कागद आधी काढायचा

पाम बीच रोडवर रात्री बाईक पळवणाऱ्या पोरांना पोलीस पकडतात ते बरोबरच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी रेस लावली तर पहिल्या वेळेला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मग या पोरांनी पळवायचं कुठे? म्हणून कोणी गो-कार्टचा, म्हणजे बुटक्या छोट्या रेसगाड्यांचा, ट्रॅक काढायचं म्हणालं की मला मनापासून बरं वाटतं, आणि लगेच काळजीपण वाटते, कारण असे ट्रॅक गाड्यांमुळे बंद पडत नाहीत, पैशामुळे पडतात, आणि पैसा बरेचदा कागदांच्या उलट्यासुलट्या क्रमात अडकतो. आधी लोन उचललं, गाड्या मागवल्या, मग कळलं की जागेवर हा धंदा चालतच नाही किंवा पोलीस परवान्याला अजून तीन एनओसी लागतायत, आणि इकडे व्याज सुरू झालेलं असतं. त्यामुळे खाली जो क्रम सांगतोय तोच धरा.

सगळ्यात आधी जागा. लोनचा फॉर्म नंतर. जागा कुणाच्या हद्दीत आहे ते बघा, कारण ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिका आणि ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, कळंबोली ही पनवेल महापालिका आणि रायगड जिल्हा, म्हणजे जिल्हा उद्योग केंद्राचं काम निघालं तर ठाण्याला नाही, अलिबागला जायचं. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला एमआयडीसीचा प्लॉट किंवा शेड असेल तर तिथे प्लॅनिंगचा अधिकार एमआयडीसीचा, फायरची एनओसीपण त्यांच्याकडून, आणि मूळ मालक तुम्हाला भाड्याने देतोय म्हणजे सबलेटिंगची परवानगी आणि वापर बदलायची परवानगी दोन्ही लागणार, त्याचे चार्जेस कोण भरणार हे अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. सिडकोचा प्लॉट लीजवर असतो, लीज डीडमध्ये वापर काय लिहिलाय ते वाचा. शिळफाट्याच्या पुढे किंवा मुरबाड-शहापूरकडे शेतजमीन स्वस्त दिसते म्हणून उडी मारू नका, सातबारा, झोन दाखला आणि एनएची (बिगरशेती वापराची) स्थिती तपासा, आणि तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याचं कलम ६३ (शेतजमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावरचं बंधन) आडवं येतं, ते खरेदीला लागतं तसं लीजलाही लागतं.

खाडीकडची जागा असेल तर सीआरझेड (किनाऱ्यालगतचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा) बघा, आणि खारफुटीच्या आजूबाजूचे ५० मीटर बफर म्हणून धरले जातात. येऊरच्या बाजूला नॅशनल पार्कचा इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. या दोन ठिकाणी "बघू, सेटिंग होईल" म्हणणाऱ्या एजंटच्या नादाला अजिबात लागू नका.

आता जागेच्या कागदातली एक गोष्ट जी बँकेत सगळ्यात जास्त नडते. मालक ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स देतो आणि तुम्ही ५ वर्षांचं लोन मागता. बँक विचारणार, बाराव्या महिन्यात मालकाने हाकललं तर डांबर उचलून नेणार का? रास्त प्रश्न आहे. त्यामुळे लोनच्या मुदतीपेक्षा लांब, रजिस्टर केलेलं लीज पाहिजे, त्यात लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी करार मोडता येणार नाही ही अट) आणि मालकाची संमती की इथे ट्रॅक आणि स्ट्रक्चर उभं राहील. नंबर जुळवूनच सही करा. एका ओळखीच्याच्या फाइलमध्ये सातबाऱ्यावर गट नंबर होता, अॅग्रीमेंटमध्ये जुना सर्व्हे नंबर आणि लाइट बिलावर तिसराच पत्ता, बँकेच्या वकिलाने टायटल रिपोर्ट (जागेच्या मालकीची तपासणी) तिथेच थांबवला आणि चूक-दुरुस्ती लेख रजिस्टर होईपर्यंत एक रुपया हलला नाही.

जागा पक्की झाली की उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ही फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. अॅक्टिव्हिटीचा कोड निवडताना घाई करू नका, ट्रॅक हा विभाग ९३ मध्ये, म्हणजे क्रीडा, मनोरंजन आणि करमणूक यात बसतो, आणि पुढे जीएसटीला, बँकेला, विम्याला तोच धंदा सांगायचा. एकीकडे स्पोर्ट्स अकॅडमी, दुसरीकडे गेम झोन असं लिहिलं की प्रश्न सुरू होतात. शॉप अॅक्टची नोंद ऑनलाइन होते, कँटीन ठेवणार असाल तर अन्न परवाना वेगळा.

लोनचे रस्ते साधारण तीन. पहिला पीएमईजीपी, म्हणजे नवीन धंद्याला लोनवर सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना, त्यात सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट धरला जातो, वय १८ पूर्ण, प्रोजेक्ट ५ लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास, युनिट नवीनच पाहिजे, आणि नवरा-बायकोपैकी एकालाच मिळतं. शहरी भागात जनरलला १५ टक्के आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक वगैरेंना २५ टक्के सबसिडी, ग्रामीणमध्ये हेच २५ आणि ३५. स्वतःचा हिस्सा जनरलला १० टक्के, बाकीच्यांना ५. कागद म्हणजे आधार, पॅन, फोटो, शिक्षणाचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, ग्रामीण असेल तर लोकसंख्येचा दाखला आणि प्रोजेक्ट रिपोर्ट. दोन गोष्टी लोकं विसरतात, जमिनीची किंमत यात धरत नाहीत, आणि सबसिडी हातात येत नाही, बँकेत तुमच्या नावावर ३ वर्षं डिपॉझिट म्हणून लॉक राहते, तेव्हा ती टायर-इंजिनला वापरायचा हिशोब करू नका. योजना २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी मंजूर झालेली होती, म्हणून फॉर्म भरायच्या आधी पोर्टलवर सध्याची स्थिती बघून घ्या.

दुसरा रस्ता मुद्रा, छोट्या धंद्यांच्या लोनची योजना, त्यात शिशु, किशोर, तरुण या गटांत १० लाखांपर्यंत, आणि तरुणचं लोन नीट फेडलेल्यांना तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत. इनडोअर शेडमध्ये चार-पाच इलेक्ट्रिक कार्ट ठेवायच्या असतील तर याचा उपयोग. खरा उघडा ट्रॅक म्हटला की तिसरा रस्ता, सीजीटीएमएसईची गॅरंटी, म्हणजे छोट्या उद्योगांच्या बिनतारण लोनसाठी बँकेला मिळणारी हमी. इथे तुम्ही थेट अर्ज करत नाही, बँक तुमचं लोन मंजूर करते आणि बँकच गॅरंटी घेते, १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा १० कोटी झालीये. तारण लागत नाही म्हणजे फेडायचं नाही असं नव्हे बरं का, गॅरंटी बँकेला मिळते, तुमचं देणं तसंच राहतं आणि दरवर्षीची गॅरंटी फी बहुतेक तुमच्याच खात्यातून जाते. बँक मागते ती फाइल अशी: केवायसी, उद्यम, ३ वर्षांचे आयटीआर, बँक स्टेटमेंट, रजिस्टर लीज, झोन दाखला, जीएसटीसकट कोटेशन, आर्किटेक्टचा ट्रॅक लेआउट आणि सीएने केलेला प्रोजेक्ट रिपोर्ट. सिबिल स्वतः आधी काढून बघा, जुन्या क्रेडिट कार्डची बाकी असेल तर आत्ताच मिटवा.

या प्रोजेक्ट रिपोर्टवर जरा थांबूया, कारण इथेच ट्रॅक जगतो किंवा मरतो. सीए बाराही महिने सारखी कमाई दाखवतो, आकडे छान दिसतात, मंजुरी मिळते, आणि मग जून येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघडा ट्रॅक जवळजवळ बंदच. समजा ४५ लाखांचं लोन आहे, ११ टक्के, ५ वर्षं, तर हप्ता सुमारे ९७,८०० रुपये. वर्षाचे पावणेबारा लाख, आणि ते कमवायचे ८ महिन्यांत, म्हणजे चालू महिन्यात जवळजवळ १ लाख ४७ हजार फक्त हप्त्यासाठी बाजूला. राइड ४०० रुपयांची ठेवली तर त्यातले ६१ रुपये जीएसटीचे, गो-कार्टिंगचा दर २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे तुमच्या हातात राहिले ३३९. म्हणजे महिन्याला ४३३ राइड नुसत्या बँकेसाठी, भाडं, पगार, टायर, पेट्रोल, विमा अजून यायचंय. हे गणित रिपोर्टमध्ये स्वतःहून मांडा, पावसाळ्याचे महिने शून्य दाखवा, आणि मोरेटोरियम (हप्ता सुरू व्हायच्या आधीची सवलतीची मुदत) परवाने मिळून ट्रॅक चालू होईपर्यंत मागा. मोरेटोरियममध्येही व्याज लागतंच, याच उदाहरणात महिन्याला ४१,२५० रुपये, सहा महिने परवाना लटकला तर अडीच लाखाच्या आसपास गेले. म्हणूनच मंजुरी मिळाली तरी सगळी रक्कम एकदम उचलू नका, टप्प्याटप्प्याने घ्या, गाड्यांचा टप्पा सगळ्यात शेवटी.

परवान्यांकडे येऊ. मनोरंजनाच्या जागेचा परवाना महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खालच्या नियमांप्रमाणे मिळतो, ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अर्ज करायचा, बदलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे आयुक्तालयात येतो, त्यापलीकडे ग्रामीणला जिल्हाधिकारी कार्यालय. सोबत जागेचे कागद, नकाशा, महापालिकेची किंवा एमआयडीसीची परवानगी, फायर एनओसी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, विजेचं तपासणी प्रमाणपत्र आणि वाहतूक शाखेची एनओसी अशी तयारी ठेवा. घोडबंदर रोडला लागून जागा असेल तर पार्किंगचा नकाशा आधीच नीट काढा, रविवारी संध्याकाळी गाड्या कुठे उभ्या राहणार हे विचारतातच आणि विचारायलाच पाहिजे.

फायरच्या बाबतीत कृपा करून पैसे वाचवू नका. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली, तिथे गो-कार्टिंगपण होतं, इंधन साठवलेलं होतं, फायर एनओसी नव्हती, आणि २७ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. पेट्रोल विक्रीसाठी नसेल तर परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, धातूचा कॅन २५ लिटरपेक्षा मोठा नाही. त्याच्यावर साठवायचं तर पेसोचा (स्फोटकं आणि पेट्रोलियमवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या खात्याचा) परवाना, त्यांचं पश्चिम विभागाचं ऑफिस आपल्या सीबीडी बेलापूरलाच आहे. रोज लागेल तेवढंच आणा, ते गाड्यांपासून आणि विजेच्या पॅनेलपासून लांब ठेवा. आणि एनओसी एकदा घेऊन संपत नाही, महाराष्ट्राच्या २००६ च्या फायर कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीकडून बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) घेऊन द्यावा लागतो, तो खर्च बजेटमध्ये टाका.

कार्टला आरटीओ नोंदणी लागत नाही, कारण फक्त बंदिस्त आवारात चालणारी खास गाडी कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन धरत नाहीत, पण मग ती गेटबाहेर एक फूटही न्यायची नाही. लोकांच्या स्वतःच्या कार-बाईक ट्रॅकवर घेणार असाल तर त्यांना लेखी सांगा की नेहमीच्या मोटार विम्यात रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग कव्हर होत नाही. तुमची स्वतःची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी काढताना प्रपोजल फॉर्ममध्ये "गो-कार्टिंग" असा शब्द स्पष्ट लिहा, नुसतं करमणूक केंद्र लिहिलं तर क्लेमच्या वेळी भांडण होतं. आवाजाची मर्यादा कमर्शिअल भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, रहिवासी भागात ५५ आणि ४५, रात्र म्हणजे १० ते ६. शेजारी सोसायटी असेल तर सायलेन्सरवर खर्च करा किंवा इलेक्ट्रिक घ्या, एका तक्रारीत परवान्याचं नूतनीकरण अडकू शकतं.

रेस भरवून स्पॉन्सर आणायचा असेल तर चेन्नईच्या एफएमएससीआयकडे जा, देशात मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना तीच, इव्हेंटचा परमिट आणि ट्रॅकची तपासणी त्यांच्याकडून. पण हा अर्ज पहिल्या वर्षी करू नका असं माझं मत आहे, स्पॉन्सरचे पैसे कमाईत धरून बँकेला आकडे दाखवू नका. ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर २०११ ते २०१३ तीनच वर्षं फॉर्म्युला वन झाली, करमणूक कराच्या वादासकट, आणि पुढे जमिनीची थकबाकी इतकी वाढली की २०२० मध्ये प्राधिकरणाने अलॉटमेंटच रद्द केली. तुमच्या दोन एकरांच्या ट्रॅकला चालवणार ती शनिवार-रविवारी येणारी कळव्याची, कोपरखैरण्याची पोरं आणि वाढदिवसाच्या बुकिंग, तेवढ्यावर हप्ता बसत असेल तरच बँकेच्या कागदावर सही करा.