यूकेत कोल्ह्यासाठी रायफल आणि घरी काडतुसं भरणं: एफएसीचा (बंदुकीच्या परवान्याचा) अर्ज नेमका कुठे अडकतो

इंग्लंडमध्ये स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला, म्हणजे रीलोडिंगला, वेगळं लायसन्स नाही. प्रेस (काडतूस दाबून जुळवायचं यंत्र), डाय (त्यात बसणारे साचे), वजनकाटा, रिकाम्या केसेस (काडतुसाची पितळी नळी) हे सगळं कुणीही विकत घेऊ शकतो, आणि घोळ तिथेच होतो, कारण लोक उत्साहात आधी सामान घेऊन बसतात आणि मग प्राइमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी छोटी टोपी) मागायला दुकानात गेले की दुकानदार म्हणतो सर्टिफिकेट दाखवा. २००६ च्या व्हायलंट क्राइम रिडक्शन ॲक्टनुसार प्राइमर किंवा प्राइमर बसवलेली केस सर्टिफिकेट बघितल्याशिवाय विकताच येत नाही. आणि तयार झालेलं रायफलचं प्रत्येक काडतूस १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या सेक्शन १ खाली येतं, म्हणजे ते जवळ ठेवायलाही सर्टिफिकेट लागतं. त्यामुळे आधी एफएसी म्हणजे फायरआर्म सर्टिफिकेट, प्रेस नंतर. (कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करायला २००४ च्या हंटिंग ॲक्टने बंदी आहे, रायफलने मारायला नाही. नॉर्दर्न आयर्लंडचा कायदा वेगळा, तो यात धरू नका. आणि भारतात यातलं काहीही करायचा विचारसुद्धा नको.)

अर्ज आपल्या भागातल्या पोलिसांच्या लायसन्सिंग खात्याकडे जातो. फी ५ फेब्रुवारी २०२५ पासून नवीन सर्टिफिकेटला १९८ पाउंड, मुदत ५ वर्षं. फोटो, पत्ता वगैरे सरळ आहे. जुने गुन्हे विचारतात तिथे सगळं लिहा, "स्पेंट" झालेलंसुद्धा (म्हणजे जुनं झाल्यामुळे एरवी सांगावं लागत नाही ते), ते लपवायची सोय इथे नाही.

पहिली अडचण डॉक्टरची. १ नोव्हेंबर २०२१ पासून मेडिकल फॉर्म भरून आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आता जीपीवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरवर, हा फॉर्म भरायची सक्ती नाही, काही जण तत्त्व म्हणून नाही म्हणतात, काही मनाला येईल ती फी लावतात, आणि पोलीस म्हणतात ते तुम्ही आणि डॉक्टर बघून घ्या. मधल्या मधे अर्जदार लटकतो. जीपी नाही म्हणाला तर जीएमसीकडे (डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) नोंद असलेला दुसरा डॉक्टर चालतो, फक्त त्याला तुमचं मेडिकल रेकॉर्ड मिळायला हवं. अजून एक, कधीतरी डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या असतील तर लिहा. तेवढ्यावरून नकार येतोच असं नाही, पण लपवलेलं रेकॉर्डमध्ये सापडलं की मात्र संपलं, कारण मग प्रश्न आजाराचा राहत नाही, तुमच्या शब्दाचा होतो.

दुसरी अडचण रेफरीची, म्हणजे तुमच्याबद्दल खात्री देणाऱ्या माणसांची. दोन लागतात, किमान दोन वर्षं ओळखणारे, ग्रेट ब्रिटनमध्येच राहणारे, आणि नातेवाईक, पोलीस किंवा बंदुकीचे डीलर नकोत. नवीन आलेल्या आपल्या लोकांचं गाडं इथेच रुततं. लेस्टरचा मामा चालत नाही, पुण्यातला कॉलेजचा मित्र चालत नाही. ऑफिसमधला माणूस, शेजारी, मंडळातले कुणी जुने ओळखीचे, हे चालतात, फक्त त्यांना आधी विचारून मग नाव द्या, पोलिसांचा फोन आल्यावर "कोण म्हणालात?" असं व्हायला नको.

तिसरी आणि सगळ्यात वाईट अडचण म्हणजे जमिनीचं पत्र, शेतमालकाने त्याच्या शेतात शिकारीला दिलेली लेखी परवानगी. रायफल का हवी याचं "गुड रीझन" लागतं, नुसती आवड चालत नाही. मेंढ्यांची पिल्लं किंवा कोंबड्या कोल्हा नेतोय म्हणून शेतकरी तोंडाने लगेच "ये की" म्हणतो, पण लिहून द्यायचं म्हटलं की महिना महिना टाळतो. तेव्हा पत्र तुम्हीच टाइप करून न्या आणि सही घ्या. त्यात त्याचं नाव-पत्ता-फोन, शेत कुठलं (नकाशा जोडला तर उत्तम), आणि कोणता प्राणी. इथे "फॉक्स" हा शब्द हवाच. पत्रात फक्त ससे आणि उंदीर लिहिले तर पोलीस .२२ रिमफायरवर (छोटं काडतूस, ज्यात ठिणगीचा मसाला केसच्या कडेतच असतो) बोळवण करतात, आणि रिमफायरची केस पुन्हा भरता येत नाही, म्हणजे रीलोडिंगचा विषयच बारगळला. कोल्ह्यासाठी .२२३ किंवा .२४३ सारखी सेंटरफायर (जिच्या काडतुसाच्या बुडाच्या मधोमध प्राइमर बसतो) मागायची ती याच पत्राच्या जोरावर. पहिलं सर्टिफिकेट बहुतेक "क्लोज्ड" मिळतं, म्हणजे पोलिसांनी मान्य केलेल्या जमिनीवरच वापर, त्यात अपमान वाटून घेऊ नका.

मग अधिकारी घरी येतो, बंदुकीचं कपाट भिंतीला बोल्ट केलंय का बघतो आणि हमखास विचारतो, किल्ली कुठे असते? बायकोसमोर विचारतो. "फ्रिजवरच्या डब्यात" असं तिने कौतुकाने सांगितलं की पंचाईत. किल्ली कुठे आहे ते सर्टिफिकेटवाल्याशिवाय घरात कुणालाच माहीत नको, आईलासुद्धा नाही.

आता खास रीलोडिंगवाल्यांसाठी. सर्टिफिकेटवर प्रत्येक कॅलिबरपुढे दोन आकडे असतात, एका वेळी किती घेता येतील आणि एकूण किती जवळ ठेवता येतील. घरी भरलेली काडतुसं दुसऱ्या आकड्यात मोजली जातात. समजा मर्यादा ३०० आणि फॅक्टरीची २६० पडून आहेत, तर तुम्ही ४० च भरू शकता, एकेचाळिसावं बेकायदा. त्यामुळे रीलोडिंग करणार हे अर्जातच लिहा आणि त्या हिशोबाने आकडा मागा, नंतर वाढवून घ्यायला परत कागद फिरवावे लागतात. स्मोकलेस पावडरला एक्स्प्लोझिव्ह सर्टिफिकेट लागत नाही, ते ब्लॅक पावडरला लागतं. एक्स्पांडिंग बुलेटसाठी (लागल्यावर फुलणारी गोळी) खास परवानगी लागते असं अजून बरेच जण सांगतात, रायफलपुरता तो नियम २०१७ मध्ये गेला. पावडरचं माप कंपनीच्या मॅन्युअलमधलंच घ्या, मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं नको, आणि टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा.

रिन्यूअलची आठ आठवड्यांची भानगड जवळपास सगळे उलटी वाचतात. मुदत संपल्यावर आठ आठवडे आपोआप मिळतात असा समज आहे, तो चूक. ती सवलत फक्त ज्याचा अर्ज मुदतीच्या किमान आठ आठवडे आधी पोचला त्यालाच. उशीर केला आणि तारीख उलटली तर रायफलच काय, स्वतः भरलेली काडतुसंही घरात ठेवणं गुन्हा, त्यामुळे तारीख उलटायच्या आत दोन्ही नोंदणीकृत डीलरकडे ठेवायला द्या. बहुतेक डीलर त्याचं भाडं घेतात.