पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोहोचतं? छे!

न्यूयॉर्क ते लंडन हवाई अंतर साधारण ५,५४० किमी. जाताना सातेक तास, परतताना मात्र तासभर जास्त. ‘खाली पृथ्वी फिरते ना, म्हणून!’ हे उत्तर वर्षानुवर्षं ठोकून दिलं जातं. पण पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. मग लंडनच पुढे पळायला हवं होतं की! मुळात हवाही पृथ्वीसोबतच फिरते, त्यामुळे तो हिशेब तिथेच बारगळतो.

खरी करामत जेट स्ट्रीमची: नऊ ते बारा किमी उंचीवर पूर्वेकडे सुसाटणारा वारा. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाने त्याला असा काही जोर चढला, की ब्रिटिश एअरवेजचं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला टेकलं. तिकिटावरच्या वेळेत मात्र धावपट्टीपर्यंतचं रांगणंही धरलेलं असतं, बरं का.