जांभळ्या दिव्याशिवाय घरात रोपं वाढत नाहीत?

‘घरातल्या रोपांना जांभळाच एलईडी लागतो, पांढरा निरुपयोगी,’ असा संदेश बरीच वर्षं फिरतो आहे.

या समजाला आधार आहे. पानातून वेगळं काढलेलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश सर्वाधिक शोषतं, हिरवा अगदी थोडा; जांभळ्या दिव्यात हेच लाल-निळे रंग असतात. पण अख्ख्या पानात प्रकाश पेशींवर आपटत इकडेतिकडे वळतो, आणि हिरव्याचाही बराच भाग शोषला जातो. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे साधारण आपल्याला दिसणारा सगळाच प्रकाश रोपाच्या कामी येतो. शिवाय नेहमीच्या पांढऱ्या एलईडीच्या आत निळाच दिवा असतो. वरचा फॉस्फरचा थर त्यातला काही प्रकाश हिरवा, पिवळा, लाल करतो. जुनी सीडी त्याखाली तिरकी धरा, हे रंग वेगळे दिसतील.

रंगापेक्षा प्रकाश पुरेसा आहे का, हे आधी बघावं. खोक्यावरच्या लुमेनना (प्रकाशाचं माप) वॅटने भागा. १०० च्या वर आकडा आला तर बल्ब चांगला, म्हणजे त्याच विजेत जास्त प्रकाश देणारा. छोटा बल्ब दुप्पट लांब टांगला की प्रकाश साधारण चौथाई उरतो, म्हणून कोथिंबीर लांबट, फिकट होऊ लागली तर आधी दिवा खाली आणा. तरीही खात्री हवी असेल, तर सारख्याच वॅटच्या दोन दिव्यांखाली, एक जांभळा आणि एक पांढरा, सारख्याच अंतरावर मेथी पेरून बघा.