मासे वर येऊन धापा टाकतात: ऑक्सिजन कमी की नायट्राइट जास्त?

मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की पहिला हात एरेटरच्या, म्हणजे पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या, बटणाकडे जातो. ते योग्यच. पण एरेटर तासन्‌तास चालवूनही मासे खाली जात नसतील, तर दोष पाण्यातल्या ऑक्सिजनचा नसून रक्ताचा असू शकतो.

ऑक्सिजनची टंचाई घड्याळ पाळते. रात्री शेवाळही श्वसन करते, त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. ऊन चढले की मासे सावरतात. टंचाईत माशाची प्लीहा साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. रक्त गडद दिसते, पण लालच.

नायट्राइटचे तसे नाही. उरलेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नवी टाकी असेल, अचानक थंडी पडली किंवा शेवाळ एकदम मेले, तर दुसरा टप्पा मागे पडतो आणि नायट्राइट साचते. कल्ल्यांतल्या ज्या पेशी पाण्यातून क्लोराइड ओढून घेतात, त्याच वाटेने ते आत शिरते. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते, मेथहिमोग्लोबिन तयार होते आणि ते ऑक्सिजन धरूच शकत नाही. पेशी जागेवर, पण निकामी! म्हणून भर दुपारी, मीटरवर ऑक्सिजन उत्तम दिसत असतानाही मासे धापा टाकतात.

खात्री करायची तर आजारी माशाचे थोडे रक्त पांढऱ्या बशीत घ्या. टंचाईतले गडद रक्त हवा लागताच लाल होते, नायट्राइटचे चॉकलेटी ते चॉकलेटीच राहते. मरून बराच वेळ झालेल्या माशाच्या कल्ल्यांच्या रंगावर मात्र विसंबू नये.

नायट्राइटवर तातडीचा उपाय म्हणजे साधे मीठ. क्लोराइड नायट्राइटची वाट अडवते. मांजरमाशांच्या तळ्यांत क्लोराइड नायट्राइटच्या निदान 10 पट असावे, असा ठोकताळा आहे. लिटरला 2 मिलिग्रॅम नायट्राइट असेल तर 20 मिलिग्रॅम क्लोराइड हवे. पाण्यात आधीच 5 असेल, तर उरलेल्या 15 साठी घनमीटरला सुमारे 25 ग्रॅम मीठ पुरते, कारण मिठाचा 60 टक्के भाग क्लोराइड असतो. मोजमापाशिवाय मीठ ओतणे मला पटत नाही.

मीठ नायट्राइट नष्ट करत नाही, म्हणून खाद्य थांबवा. एरेटरही चालू ठेवा, कारण अशा माशांना ऑक्सिजनची किरकोळ घटही सोसत नाही. नायट्राइटचा शिरकाव थांबला की माशाच्या पेशींतले एक विकर (एन्झाइम) मेथहिमोग्लोबिन पुन्हा पूर्ववत करते आणि रक्त साधारण एक-दोन दिवसांत सुधारते. तोवर जाळे टाकू नका. नायट्राइट बरेच दिवस राहिले असेल, तर तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो आणि तो भरून यायला बराच अधिक काळ लागतो.