सॉफ्टवेअर घेण्याआधी एक दिवस आम्हाला द्या

‘कारखान्याच्या साठ्यासाठी, हिशेबासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं विचारणारे फोन आम्हाला रोज येतात. उत्तर फोनवर देत नाही. आधी कारखान्यात येऊन पाहतो.

सुरुवात केबिनपासून नाही, स्टोअरपासून. रॅकमधल्या दहा वस्तू मोजायच्या आणि रजिस्टरशी ताडून पाहायच्या. बहुतेक वेळा पहिला घोळ नावांचाच निघतो. रॅकवर खडूने ‘पट्टी २५ × ६’, खरेदीच्या बिलावर ‘एमएस फ्लॅट २५ × ६’, एक्सेलमध्ये नुसतं ‘फ्लॅट ६ एमएम’. माल एकच, पण संगणक तीन वेगळे साठे धरणार. त्यात माल येतो किलोवर आणि जातो नगावर. सहा मीटरची ही पट्टी साधारण ७ किलो भरते, हे गणित स्टोअरकीपरच्या डोक्यात असतं, लिहिलेलं कुठेच नसतं. ते लिहून काढल्याशिवाय कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी साठा जुळायचा नाही.

मग चलनबुक, म्हणजे बाहेर पाठवलेल्या मालासोबतच्या पावत्यांचं पुस्तक. प्लेटिंगला (मुलामा द्यायला) किंवा इतर जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला गेलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून जीएसटी लागतो. कुठल्या चलनाचा किती माल अजून बाहेर आहे, हे तुम्हाला पाच मिनिटांत सांगता येतं का, एवढंच आम्ही बघतो.

कायद्याचं थोडक्यात: वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल लागतं. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहायला हवी. जुनी एंट्री गुपचूप दुरुस्त करायची सवय असेल, तर ती आधी मोडा.

‘बॅकअप आहे’ असं सगळेच सांगतात. आम्ही तो उघडून दाखवायला सांगतो. (इथे बऱ्याच ठिकाणी शांतता पसरते.)

आठवड्याभरात दोन पानी अहवाल मिळतो: आधी काय सावरायचं, कुणी, किती दिवसांत. शंभरपैकी गुण वगैरे देत नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून आम्ही कमिशन घेत नाही, त्यामुळे ‘एवढ्यात घेऊ नका’ म्हणायला जड जात नाही.

येण्याआधी तीन महिन्यांची चलनं आणि खरेदीची बिलं काढून ठेवा. रॅक आवरू नका. आणि स्टोअरकीपर सुट्टीवर नसेल असाच दिवस कळवा.