खानदेशातील प्रौढांचे नेत्रविकार

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत चाळिशीनंतर आढळणारे डोळ्यांचे (अहिराणीत ‘डोया’) आजार आणि त्यांमुळे येणारे दृष्टिमांद्य.

२०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी १.९९ टक्के लोक अंध आहेत. पन्नास ते एकोणसाठ वयात हे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का, ऐंशीपुढे मात्र ११.६ टक्के. निरक्षरांत ते ३.२३, तर दहावी वा पुढे शिकलेल्यांत ०.४३ टक्के भरले. चांगल्या डोळ्याने, असेल तो चष्मा लावून, तीन मीटरवरची बोटेही मोजता आली नाहीत तर माणूस अंध गणला जातो. पूर्वी हे अंतर सहा मीटर होते. जुन्या आकड्यांशी तुलना करताना एवढे ध्यानात ठेवावे.

या अंधत्वात दोन तृतीयांश वाटा एकट्या मोतीबिंदूचा, आणि तो शस्त्रक्रियेने जातो. तरी ‘पिकू द्या’, ‘थंडीत करू’ म्हणत वर्षे निघतात. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणे ही टाके घालण्याच्या काळातली रीत. आता कृत्रिम भिंग बसवतात आणि ऋतू आडवा येत नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्यातला दाब वाढवून दृष्टी कायमची घालवू शकतो. हंगाम, सोबतीला माणूस नसणे, आणि म्हाताऱ्या बाईला ‘आता काय पाहायचंय’ म्हणणारे घर, हे अडसर डॉक्टरांच्या हाताबाहेरचे.

भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. डोक्यावर ऊन आणि डोळ्यांत धूळ घेऊन शेतात राबणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाच्या बाजूने मांसल पडदा चढतो. त्याला वडस म्हणतात. कपाशीची काडी किंवा बाजरीचे कूस लागून झालेली जखम त्याहून घातक. तिच्यात बुरशी शिरली की बुबुळावर फूल पडते. दुखरा डोळा शमवायला स्टेरॉइडचे थेंब मनाने घातले, तर बुरशी फोफावते.

काचबिंदू बहुधा दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, म्हणून तो उशिरा कळतो आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहींनी दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, दरवर्षी तपासून घ्यावे. नंदुरबारच्या सातपुडा भागातील आदिवासींत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो; त्यात दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबू शकतात, त्यामुळे अशा रुग्णांचे डोळेही पाहायला हवेत.

अंधत्वाच्या मोजणीत न येणारा सर्वांत सार्वत्रिक त्रास म्हणजे चाळिशी. बांधावरचे झाड स्पष्ट दिसते, पण सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा सापडत नाही, औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरे लागत नाहीत. मराठीने या विकाराला आणि त्याच्या चष्म्याला एकच नाव दिले आहे. चष्मा स्वस्त असतो. पण शिवणकाम करणारी बाईही पुष्कळदा सुनेकडून दोरा ओवून घेत वर्षे काढते.